मॉरिशसला नेमकं कधी जायचं? शाळेच्या सुट्ट्या, तिथला पाऊस आणि वारा यांचं सोलापुरी गणित

मॉरिशसचा विषय निघाला की सोलापुरात पहिला प्रश्न येतो "माणशी किती लागतील?" आणि दुसरा "मुंबईहून डायरेक्ट आहे का?" कधी जायचं हे कुणी विचारतच नाही, कारण ते सगळ्यांनी मनात आधीच ठरवून टाकलेलं असतं की फिरायला जायचं तर डिसेंबर-जानेवारीत, थंडीत, आणि मे महिन्यात म्हणाल तर फार तर महाबळेश्वर. गोवा-केरळला हे चालतं. मॉरिशसला हेच गणित लावलं की माणूस बरोब्बर उलट्या जागी जाऊन पडतो, म्हणजे वर्षातलं सगळ्यात महाग तिकीट काढायचं आणि पोचायचं दमट उकाड्यात, नाहीतर पावसात.

आणि खरं सांगू का, आपल्यासाठी यात मोठी सोय आहे. पोरांच्या शाळेला ज्या दोन मोठ्या सुट्ट्या असतात, मे आणि दिवाळी, त्या दोन्ही तिथल्या सगळ्यात चांगल्या हवेच्या महिन्यांवर येतात. शाळा बुडवायची नाही, रजेसाठी साहेबापुढं रडायचं नाही. फक्त मे मधला कुठला आठवडा आणि दिवाळीत कुठला किनारा, एवढं नीट ठरवायचं. ते कसं ठरवायचं तेच खाली एकेक करून लिहितोय, कॅलेंडर हाताशी घेऊन वाचा.

पायरी १: कॅलेंडर उलटं वाचायला शिका

मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली आहे, साधारण २० अंश दक्षिणेला. मकरवृत्त तिथून फार लांब नाही, चारी बाजूंनी समुद्र आणि वर्षभर आग्नेयेकडून येणारा वारा, त्यामुळं भूगोलाच्या पुस्तकात ते उष्ण कटिबंधात मोडत असलं तरी हवा उपोष्ण बेटासारखीच लागते, आपल्यासारखा भाजून काढणारा उन्हाळा नाही आणि हाडं गोठवणारी थंडी पण नाही. ऋतू दोनच. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, तो दमट आणि पावसाचा. जून ते सप्टेंबर हिवाळा, तो कोरडा आणि वाऱ्याचा. मे आणि ऑक्टोबर हे मधले, बदलाचे महिने.

आपल्याकडं उन्हाळा संपला की पाऊस येतो, तिथं उन्हाळा हाच पावसाळा. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. आपला गुलमोहर एप्रिल-मे मध्ये लालभडक होतो, तिथला नोव्हेंबर-डिसेंबरात फुलतो. लिचीचा पण तिथं तोच सीझन, रस्त्याच्या कडेला जुड्या बांधून विकायला असतात. आणि साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातले आपण, तर हेही ऐकून ठेवा, आपल्याकडं दिवाळीच्या आसपास गाळप सुरू होतं, तिथं ऊसतोड जूनच्या सुमाराला सुरू होऊन वर्षाच्या शेवटापर्यंत चालते. म्हणून मे मध्ये गेलात तर कितीतरी रस्ते दोन्ही बाजूंच्या उभ्या उसामधून जातात आणि पलीकडचं काही दिसत नाही, नोव्हेंबरात गेलात तर रानं मोकळी झालेली असतात आणि डोंगर लांबून दिसायला लागतात.

पायरी २: तापमान बघू नका, पाऊस बघा

आपला माणूस मोबाईलवर "मॉरिशस फेब्रुवारी २९ डिग्री" बघतो आणि म्हणतो, एवढंच? आपल्याकडं ४२ ला भर दुपारी लोक नवी पेठेत खरेदी करतात. पण आपलं ऊन कोरडं आहे हो. तिथलं २९ म्हणजे अंगाला चिकटणारं, सावलीत बसलं तरी घाम वाळत नाही असलं. शिवाय तापमानात वर्षभर फारसा फरकच पडत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत दुपारचं सरासरी कमाल २९.२ अंश, जुलै-ऑगस्टमध्ये रात्रीचं सरासरी किमान १६.४, आणि उन्हाळा-हिवाळ्याच्या सरासरीत अंतर जेमतेम ४ अंशांचं. म्हणजे तापमान बघून महिना निवडताच येत नाही.

पावसाचं तसं नाही. अख्ख्या बेटाची वर्षाची सरासरी २००० मिलिमीटरच्या वर आहे, आपल्या सोलापुरात त्याच्या निम्मापण पडत नाही. आणि त्यातला दोन तृतीयांश पाऊस उन्हाळ्याच्या सहा महिन्यांतच पडून जातो. सगळ्यात ओले फेब्रुवारी आणि मार्च. सगळ्यात कोरडा ऑक्टोबर. बघा म्हणजे, दिवाळी कुठं येते ते.

आता एक बारीक गोष्ट, जी पॅकेजवाला कधी सांगत नाही. बेट लहान असलं तरी मध्ये पठार आहे, क्युरपिप आणि व्हाकवा ही गावं त्या पठारावर. आग्नेयेकडून आलेला वारा पठाराला धडकून वर चढतो, ढग होतात आणि पाऊस तिथंच सांडतो, मग पलीकडं पश्चिमेला उतरताना तो कोरडा झालेला असतो. सह्याद्रीच्या अलीकडं आपल्या वाट्याला जे येतं ते फ्लिक-आँ-फ्लाक, तमारँ या पश्चिम किनाऱ्याच्या वाट्याला येतं, फक्त त्यांचं नशीब की पर्जन्यछायेत राहूनसुद्धा समोर समुद्र आहे. पठारावर मात्र पश्चिम किनाऱ्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. जुलैतल्या एखाद्या सकाळी क्युरपिपच्या बाजारात लोक स्वेटर घालून, छत्री उघडून भाजी घेत असतात, भुरभुर थांबत नाही, आणि तिथनं गाडीनं खाली पश्चिमेला उतरलं की पोरं उघड्या अंगानं समुद्रात.

म्हणून मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये नुसतं "मॉरिशस" टाकून हवामान बघायचं नाही. अ‍ॅप कधी पठारावरच्या गावाचं दाखवतं, कधी विमानतळाचं, आणि विमानतळ आहे आग्नेय कोपऱ्यात, ओल्या बाजूला. सातही दिवस ढग आणि थेंबाचं चित्र बघून घरात रडारड सुरू होते. तुमचं हॉटेल ज्या गावात आहे त्या गावाचं नाव टाका. आणि सहा महिने आधी तारीख ठरवताना अंदाज बघायचाच नाही, महिन्याची सरासरी आणि त्या महिन्यात पावसाचे दिवस किती एवढंच बघायचं. अंदाज लागतो तो निघायच्या आधीच्या चार-पाच दिवसांत, कुठल्या दिवशी बोट आणि कुठल्या दिवशी मंदिर-बाजार हे ठरवायला.

पायरी ३: वादळाचे महिने वेगळे काढून ठेवा

या भागातल्या चक्रीवादळांचा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि ३० एप्रिलला संपतो, पण मॉरिशस आणि सेशेल्ससाठी तो १५ मे पर्यंत धरतात. ही १५ मे ची तारीख लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. याचा अर्थ सहा महिने रोज वादळ असा नाही, दर वर्षी थेट बेटावर आदळतंच असंपण नाही. खरा धोका जानेवारी ते मार्च. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल नावाचं वादळ आलं तेव्हा राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून पाण्याबरोबर गाड्या वाहत गेल्या होत्या.

तिथली यंत्रणा चांगली आहे. क्लास वन, क्लास टू असे चढत जाणारे इशारे देतात, क्लास थ्री लागला की बस बंद, दुकानं बंद, सगळे घरात. टुरिस्टला हॉटेलात बसवून ठेवतात, खायला-प्यायला मिळतं, जिवाला सहसा काही होत नाही. पण सहा रात्रींच्या ट्रिपमधले दोन-तीन दिवस खिडकीतून नारळ वाकलेले बघण्यात जातात आणि विमानं पुढं ढकलली जातात, त्याचं काय. नवीन लग्न झालेल्या जोडीला ते चालेल कदाचित, आई-वडील आणि दोन पोरं घेऊन गेलेल्याला नाही चालणार.

तरी काही कारणानं जानेवारी-मार्चमध्येच जावं लागत असेल तर तीन गोष्टी करा. हॉटेल फुकटात कॅन्सल होणारं घ्या, थोडं महाग पडलं तरी. ट्रॅव्हल इन्शुरन्स तिकीट काढल्या काढल्या घ्या, कारण वादळाची बातमी आल्यावर घेतलेला इन्शुरन्स त्या वादळाला लागू होत नाही. आणि परतीच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिस, परीक्षा किंवा कुणाचं लग्न ठेवू नका.

डिसेंबरचा पहिला पंधरवडा मात्र मी या यादीतून बाहेर काढतो. पाऊस अजून नीट सुरू झालेला नसतो, समुद्र गरम झालेला असतो, ख्रिसमसची गर्दी यायची असते. कॉलेजच्या सुट्टीची अडचण नसलेल्यांनी हा पंधरवडा जरूर बघावा.

पायरी ४: महिना ठरला की किनारा ठरवा, आणि इथं घाई नको

सगळ्यात जास्त लोकांची ट्रिप इथं बिघडते. पॅकेजमध्ये "बीच रिसॉर्ट" एवढंच लिहिलेलं असतं, कुठल्या बाजूचा बीच ते कुणी बघत नाही.

वारा वर्षभर आग्नेयेकडूनच येतो, पण हिवाळ्यात तो जोर धरतो. म्हणजे जून ते सप्टेंबर, त्यातही जुलै-ऑगस्टला, पूर्वेचा किनारा वाऱ्याच्या तोंडावर असतो. बेल मार, त्रू-दो-दूस ही त्या बाजूची गावं, वाळू पांढरीशुभ्र, फोटोत लै भारी दिसतात. पण ऑगस्टमधल्या दुपारी तिथं बसून बघा. टॉवेल अंथरला की उडतो, त्यावर चप्पल ठेवावी लागते, चहाच्या कपात रेती, वाऱ्याबरोबर सरपटत येणारी वाळू पोटरीला टोचत राहते आणि हॉटेलवाल्यांनी छत्र्या मिटून दोरीनं बांधून ठेवलेल्या असतात. सोलापूरहून गेलेल्या बायकामाणसांना तर त्या वाऱ्यात पाण्यातून बाहेर आलं की हुडहुडी भरते. त्याच वेळी पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकला पाणी हौदासारखं शांत.

तेव्हा हिवाळ्यात पश्चिम किंवा वायव्य बाजू घ्यायची: फ्लिक-आँ-फ्लाक, तमारँ, त्रू-ओ-बिश. उत्तरेला ग्राँ-बे आहे, तिथं बाजार, हॉटेलं, गजबज, वारा मध्यम. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आणि रात्री जेवण झाल्यावर शतपावलीला रस्ता पाहिजे असणाऱ्यांना मी ग्राँ-बे किंवा फ्लिक-आँ-फ्लाकच सांगतो, पूर्वेच्या रिसॉर्टमध्ये संध्याकाळनंतर गेटच्या बाहेर काही नसतं.

उन्हाळ्यात हेच उलटं होतं. डिसेंबरात पश्चिम किनारा तापतो, हवा हलत नाही, आणि पूर्वेला तोच वारा, आता मवाळ झालेला, सुखाचा वाटतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन्ही बाजू चालतात. म्हणून दिवाळीत गेलात तर तीन रात्री पूर्वेला आणि तीन पश्चिमेला अशी विभागणी करता येते, मला ती आवडते, पण बॅगा दोनदा भरायचा कंटाळा असेल तर एकाच ठिकाणी राहा. बेट एवढं लहान आहे की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाडीनं दोन तासांच्या आत-बाहेरच लागतात.

दक्षिणेला सुयाक, ग्री-ग्री या बाजूला काही ठिकाणी प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, तिथं लाटा थेट कड्यावर येऊन फुटतात. बघायला जा, पाण्यात उतरायचं नाही, कुठल्याच महिन्यात नाही.

नैऋत्य टोकाला ले-मॉर्न. जून ते सप्टेंबरच्या वाऱ्यात काइटसर्फिंगवाले, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीनं फळीवरून पाण्यावर पळणारे, जगभरातून इथं येतात. ज्याला वारा नको त्याला जो महिना वाईट, तोच यांना सोन्याचा.

पायरी ५: तुम्हाला तिथं करायचंय काय?

हे घरात बसून बोलून घ्या, कारण प्रत्येकाचा महिना वेगळा निघतो.

पोहणं आणि पाण्याखालचे मासे बघणं हेच मुख्य असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्राचं पाणी २७-२८ अंशांपर्यंत गरम असतं, ऑगस्टला २२-२३ वर येतं. २३ म्हणजे बर्फ नाही, युरोपातले लोक आनंदानं डुंबतात, पण आपल्या पोरांचे ओठ अर्ध्या तासात निळे पडतात. ऑक्टोबरच्या शेवटाला पाणी पुन्हा गरम व्हायला लागतं आणि पावसाचा गढूळपणा नसल्यामुळं खालचं स्वच्छ दिसतं.

देवमासे बघायचे असतील तर जुलै ते ऑक्टोबर. हंपबॅक जातीचे देवमासे तेव्हा दक्षिणेच्या थंड पाण्यातून इकडं वर येतात. डॉल्फिन तमारँच्या बाजूला वर्षभर दिसतात, पहाटे निघावं लागतं. डॉल्फिनमागं पळणाऱ्या बोटींची गर्दी मला काही बरी वाटत नाही, लांब थांबणारी बोट असेल तरच जा.

डोंगर, धबधबे, शामारेलची सात रंगांची माती, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं जंगल यात चालायचं असेल तर मे ते सप्टेंबर. घाम येत नाही, वाटा उन्हाळ्याइतक्या निसरड्या नसतात. मे-जूनमध्ये त्या जंगलात लालचुटुक छोटे पेरू लागलेले असतात, चायनीज पेरू म्हणतात, तिथली माणसं सुट्टीच्या दिवशी पिशव्या घेऊन तोडायला येतात. हिवाळ्यात दिवस लहान असतो हे मात्र धरून चला. जूनमध्ये पावणेसहाच्या सुमारालाच सूर्य मावळतो, डिसेंबरात पावणेसातपर्यंत उजेड असतो. म्हणजे मे-जूनच्या ट्रिपमध्ये नाश्त्याला दहा वाजवलेत तर फिरायला उरतं काय?

आता आपल्या माणसांना ज्याची जास्त ओढ असते ते, म्हणजे सण. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या किनारपट्टीतून गेलेल्या लोकांची मराठी वस्ती तिथं आहे, त्यांची मंडळं आहेत, घरात बोलणं बहुतेक क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून बनलेल्या तिथल्या बोलीत, झालं असलं तरी आरती मराठीतली. मूर्ती वाजतगाजत पाण्यावर नेतात. हे बघायचं असेल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर, पश्चिम बाजूला राहा, पोहण्याची अपेक्षा कमी ठेवा. आणि सोलापूर म्हटलं की निम्मी गल्ली तेलुगू बोलणारी, तर त्यांच्यासाठी सांगतो की उगादीचीसुद्धा तिथं सुट्टी असते, तिथली तेलुगू मंडळी जोरात साजरी करतात, पण तो मार्च-एप्रिलचा ओला काळ. महाशिवरात्रीला गंगा तलावाला अख्ख्या बेटावरून लोक कावड घेऊन चालत येतात, आपल्या पंढरीच्या वाटेवर असते तशी वाटेत पाणी-जेवणाची सोय करणारी घरं. अप्रतिम असतं ते, पण फेब्रुवारी-मार्च म्हणजे पाऊस, आणि तलाव पठारावर, म्हणजे डबल पाऊस. रेनकोट घेऊन भक्तीनं जायचं असेल तरच.

दिवाळीलापण तिथं सुट्टी असते, घरोघरी दिवे. २ नोव्हेंबरला अजून एक सुट्टी, १८३४ मध्ये भारतातून आलेल्या मजुरांच्या आगमनाच्या आठवणीची. पोर्ट लुईला अप्रवासी घाट आहे, ज्या पायऱ्यांवरून ते मजूर बेटावर चढले त्या सोळा पायऱ्या अजून तिथं आहेत, युनेस्कोनं २००६ मध्ये जागतिक वारशात घेतलंय. दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटाला आली तर दोन्ही दिवस एका ट्रिपमध्ये साधतात.

पायरी ६: पैशाचा हिशोब

सगळ्यात महाग १५ डिसेंबर ते जानेवारीचा पहिला आठवडा. तिथल्या शाळांना मोठी सुट्टी, युरोपातून ख्रिसमसचे लोक, इकडून आपले हनिमूनवाले, सगळे एकदम. या काळात मी तरी कुणाला जा म्हणणार नाही. आणि सोलापूरकरानं जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा सोडून जायचं तरी कशाला?

मे-जून हा युरोपवाल्यांच्या दृष्टीनं मंदीचा काळ, म्हणून हॉटेलं उतरलेली असतात. पण आपली सुट्टी असल्यामुळं मुंबईहून जाणारी विमानं भरतात. म्हणजे मे साठी विमान आधी काढायचं आणि हॉटेलला घासाघीस करायला वेळ घ्यायचा. दिवाळीला उलट. ऑक्टोबरच्या शेवटाला फ्रान्समधल्या शाळांना सुट्टी असते, ते लोक येऊन हॉटेलं भरतात, म्हणून हॉटेल आधी पक्कं करायचं. दिवाळीची ट्रिप मे पेक्षा महाग पडणार हे धरूनच चला.

पॅकेज घेत असाल तर कोटेशनवर तीन प्रश्न विचारा: हॉटेल कुठल्या किनाऱ्याला, रात्रीचं जेवण धरलंय का, आणि वादळानं किंवा विमान रद्द झाल्यानं दिवस बुडाला तर काय. तिसऱ्या प्रश्नाला "काय होत नाय हो साहेब" एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडं विचारा.

पायरी ७: तारखा प्रत्यक्ष बसवणं

मे ची ट्रिप: १५ मे नंतर निघा, म्हणजे वादळाचा हंगाम कागदोपत्रीसुद्धा संपलेला असतो आणि मेच्या सुरुवातीचा दमटपणाही उतरलेला असतो. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, वह्या-पुस्तकं-गणवेशाला चार दिवस ठेवा. म्हणजे १६ मे ते ८ जून हा तुमचा पट्टा. आमच्या शेजारच्या काकू पहिल्यांदा हे ऐकून म्हणाल्या होत्या, "मे मध्ये समुद्रावर? पोरं वाळतील की रे!" इथं ४२-४३ चाललेलं असताना तिथं दुपारी २५-२६ असतं आणि संध्याकाळी पातळ जॅकेट लागतं, हे त्यांना सांगून पटेना, शेवटी सुनेनं मोबाईलवर रोजचं हवामान लावून दिलं तेव्हा कुठं तयार झाल्या. घरात वयस्कर माणसं असतील तर हाच पट्टा घ्या, उकाडा नाही, चालवतं.

दिवाळीची ट्रिप: लक्ष्मीपूजन-पाडवा घरी करून भाऊबीज आटोपली की निघा, बहुतेक घरांत हेच जमतं. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते. लवकर आली तर हवा कोरडी पण पाणी किंचित गार, उशिरा आली (२०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे) तर पाणी छान आणि दुपारी ऊन कडक. ते ऊन वाऱ्यामुळं कळत नाही आणि दोन तासांत खांदे सोलून निघतात, पोरांना पूर्ण बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट घालाच.

लग्न फेब्रुवारीतलं असेल तर माझं मत, तेव्हा कूर्ग-मुन्नार करून या आणि मॉरिशस मे च्या शेवटाला ठेवा. कुणी ऐकत नाही, पण सांगून ठेवतो.

सोलापूरहून मुंबईपर्यंतचा टप्पाही तारखेतच धरा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि मे मध्ये सिद्धेश्वर एक्सप्रेसचं वेटिंग बघता बघता वाढतं, तर रेल्वेच्या तारखेवरून ६० दिवस मागं मोजून मोबाईलमध्ये आठवण लावून ठेवा. सकाळचं विमान असेल तर आदल्या दिवशी मुंबईत मुक्कामी पोचा, रात्रीच्या गाडीवर भरवसा ठेवून चेक-इनची वेळ गाठायच्या भानगडीत पडू नका. मुंबईहून पुढं विमानाला साधारण सहा तास, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं.

भारतीय पासपोर्टवर फिरायला जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे आहेत हे विमानतळावर दाखवता आलं पाहिजे, आणि निघण्यापूर्वी त्यांचा ऑनलाईन फॉर्म भरायचा असतो. पासपोर्टची मुदत परत आल्यानंतर सहा महिने तरी शिल्लक ठेवा. नियम बदलतात, तिकीट काढायच्या आधी सरकारी साईटवर एकदा बघून घ्या.

बॅगेत काय, तेही महिन्यावर

मे-जूनला: प्रत्येकाला एक वाऱ्याचं जॅकेट, पठारावर आणि बोटीवर लागतं. स्वेटरचं ओझं नको, सोलापुरी चादर तर नकोच, हॉटेलात पांघरायला असतं. जुलै-ऑगस्टला आजी-आजोबांसाठी कानटोपी. ऑक्टोबर-नोव्हेंबरला टोपी, सनस्क्रीन, गॉगल. नोव्हेंबरनंतर डासांचं क्रीम. आणि कुठल्याही महिन्यात पाण्यात घालायचे रबरी बूट, कारण तळाला प्रवाळाचे तुकडे आणि काटेरी समुद्री साळू असतात, काटा रुतला की दोन दिवस पाय टेकवत नाही. हे बूट इथनंच घेऊन जा, तिथं महाग पडतात.

प्लग तिथं ब्रिटिश पद्धतीचा चौकोनी तीन पिनांचा लागतो, अ‍ॅडॉप्टर घ्या. फळं, भाज्या, बियाणं न्यायचं नाही, विमानतळावर काढून घेतात. झोपेच्या आणि जोरकस वेदनाशामक गोळ्यांबाबत तिथले नियम कडक आहेत, अशी औषधं चालू असतील तर आधी परवानगी लागते का ते बघा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा.

शाकाहारी लोकांनी घाबरायचं कारण नाही. दाल पुरी रस्त्यावर मिळते, डाळ भरलेली पातळ पोळी, आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी आणि चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. सकाळी अकराच्या आत जा, चांगल्या गाड्यांवर दुपारी संपलेली असते.